पुसलेली एकोणीस मिनिटं

सकाळी सव्वासातला इक्बालभाईंचा फोन आला. गुडघा सुजला होता, क्लच दाबता येत नव्हता, खडकमाळला त्यांना येता येणार नव्हतं. मी फोन ठेवला तेव्हा प्रभाताई कार्यालयाचा जिना चढून आत आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, टेबलावरच्या बंद पाकिटाकडे पाहिलं.

“मग मी येते,” त्या म्हणाल्या. “वाचणारं कुणीतरी लागेलच.”

पाकिटात टाइप केलेली बावीस पानं होती. त्यातली सात प्रभाताईंच्या आईबद्दल होती. आई १९५२ च्या उन्हाळ्यात खडकमाळच्या क्षयरुग्णालयात वारली, असं प्रभाताईंना वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत होतं. त्या सात पानांप्रमाणे ती वारली नव्हती. मागच्या दिवाळीपर्यंत ती पत्र पाठवत होती.

हे माझ्याशिवाय आणि ज्यांनी सांगितलं त्या ठकूबाईंशिवाय कुणाला माहीत नव्हतं. ठकूबाईंना प्रभाताई कोण हे माहीत नव्हतं. ही गोष्ट २००३ च्या सप्टेंबरमधली, अठरा तारखेची.

आमच्या संस्थेचं नाव राज्य मानव्य न्यास. नाव मोठं होतं आणि माणसं चार. नगरला मुलींच्या वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर आमच्या तीन खोल्या होत्या. तिथून आम्ही राज्यभर काम करायचो. तालुक्याच्या ग्रंथालयांत व्याख्यानं, कारागृहांत वाचनमंडळं, एसटी स्टँडवर इतिहासाची प्रदर्शनं. प्रभाताई कुंटे संचालक. पंचवीस वर्षं इतिहास शिकवून त्या इथे आल्या होत्या. इक्बालभाई प्रदर्शनं आणि जीप सांभाळत, उपासे व्याख्यानं सांभाळत. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून सहा वर्षं औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासली होती आणि मग इथे आले होते. लोकांच्या आठवणी टेपवर घेणं आणि टाइप करणं हे माझं काम होतं. प्रभाताई मला हेमांगी म्हणायच्या. चिडवायचं असलं की केमिस्ट म्हणायच्या.

आठवणी घेण्याची न्यासाची एक पद्धत होती. टेपवर घेतलेलं सगळं बोलीतच टाइप करायचं, शुद्ध करायचं नाही. मग ते सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचं. जे काढा म्हणतील ते काढायचं, टेपवरूनही पुसायचं. त्यांचा होकार आल्याशिवाय एक ओळ संग्रहात जायची नाही.

मी आल्यावर त्यात एक भर घातली होती. कारखान्यात ज्याने नमुना घेतला तोच तो तपासत नाही. इथेही ज्याने रेकॉर्डिंग केलं त्याने वाचून दाखवू नये. वाचणाऱ्याने मजकूर आधी पाहू नये. पाकीट सांगणाऱ्यासमोर फोडावं. रेकॉर्डिंग करणाऱ्याने वाचणाऱ्याला मजकुराबद्दल काहीही सांगू नये. पहिल्यांदा हे मांडलं तेव्हा उपासे म्हणाले होते, की आजीबाईंच्या ओव्यांना तुम्ही गोळ्यांच्या बाटलीसारखं सील लावताय. प्रभाताईंनी मात्र ते लगेच मान्य केलं. सांगणारा माणूस आपल्या तोंडाकडे बघून बोलतो, त्या म्हणाल्या, तोंडाला आधीच माहीत असेल तर ते कळतं. नियम आणि त्याचा फॉर्म मीच लिहिला. वाचण्याच्या पाळ्यांचा तक्ताही माझ्याकडे होता.

खडकमाळचं काम प्रभाताईंनीच काढलं होतं. आई तिथे होती म्हणून, हे त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्याच कारणासाठी रेकॉर्डिंगला मी जाणार नाही, हेही सांगितलं. त्यामुळे तिथल्या सगळ्या पाळ्या मी इक्बालभाई आणि उपासे यांच्यात वाटल्या होत्या. उपासे त्या आठवड्यात अमरावतीला होते.

मी म्हटलं, की पुढच्या गुरुवारी जाऊ, तोपर्यंत इक्बालभाई बरे होतील. प्रभाताईंनी डबा पिशवीत ठेवला. त्या म्हणाल्या, की ऑगस्टमध्ये दोन माणसं वाचून दाखवायच्या आधी गेली आणि त्यांच्या टेपा तशाच पडून आहेत. शिवाय म्हातारी वाट बघत बसली असेल, तिच्याकडे फोन नाही.

मग मी म्हटलं, “ताई, हे पाकीट तुम्ही वाचू नये.”

“का?”

“सांगता येत नाही.”

“रेकॉर्डिंग करणाऱ्याने वाचणाऱ्याला मजकुराबद्दल सांगायचं नाही,” त्या म्हणाल्या. माझंच वाक्य होतं, माझ्याच चालीत. “मग सांगू नकोस, केमिस्ट. किल्ली घे.”

मी किल्ली घेतली.

जीप मी चालवली. तीन तासांचा रस्ता होता. वाटेत प्रभाताई येरवड्याच्या वाचनमंडळाबद्दल बोलत होत्या. तिथल्या एका कैद्याने त्यांना विचारलं होतं, की तुमच्या इतिहासात सगळे राजे लढाई हरल्यावर पळून जातात, मग आम्हालाच का पकडलं. त्या स्वतःशीच हसल्या. मी हो हो म्हणत होते. मी एक वाक्य तयार केलं होतं: ताई, यात तुमच्या आईबद्दल आहे. पाच शब्द. घोडेगावच्या चढावर ते बोलायचं ठरवलं, तिथे पुढे कांद्याच्या ट्रॉल्या होत्या. त्या मागे पडल्यावर बोलायचं ठरवलं. मग फाटा आला.

मला त्या वेळी काय वाटत होतं हे नंतर मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काही वाटत नव्हतं. 

रुग्णालय बंद होऊन वीस वर्षं झाली होती. वॉर्डांची छपरं गेली होती. रुग्णालयातल्या आयांच्या चाळीत दोन खोल्या राहत्या होत्या. एका खोलीत ठकूबाई साबळे राहायच्या. वय त्यांना नक्की माहीत नव्हतं, त्र्याहत्तरच्या आसपास असावं. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकून ठेवली होती. मला पाहून म्हणाल्या, की आज मिशावाला न्हाई आणलास व्हय, मागच्या घरी वाचाय आलता त्यो. त्यांचा पाय दुखतोय, असं मी सांगितलं, तर म्हणाल्या बापय मानसाला पाय असतोयच कुठं, बसायलाच जलम त्येंचा. प्रभाताई मोकळ्या हसल्या. नियमाप्रमाणे वाचणाऱ्याची ओळख फक्त ‘न्यासातल्या बाई’ एवढीच करून द्यायची असे. मी तेवढीच करून दिली.

मी ओसरीच्या टोकाला, भिंतीला टेकून बसले. रेकॉर्डिंग करणाऱ्याने तिथे गप्प बसून वेळ लिहायची. प्रभाताईंनी पाकीट फोडलं. अकरा वाजून चार मिनिटांनी त्यांनी सुरुवात केली.

पहिली पानं ठकूबाईंच्या लग्नाची, नवऱ्याच्या मरणाची, आया म्हणून कामाला लागल्याची होती. प्रभाताई वाचत छान. ठकूबाईंची बोली त्यांच्या तोंडात परकी वाटत नव्हती. ठकूबाई मधून मधून मान हलवत होत्या. एकदा म्हणाल्या, असंच, अगदी असंच बोलले म्या.

हयात असलेल्या माणसाचं आडनाव आणि गाव आम्ही टाइप करताना लिहीत नसू. तिथे रेघ मारायची. रेघ आली की वाचणाऱ्याने ‘अमुक’ म्हणायचं. टेपवर नावं असत, कागदावर नसत.

नवव्या पानावर यमुनाबाई आली. वकिलाची बायको, कॉटेज क्रमांक चार; टेपवरच्या ‘कुंटे’ या आडनावाच्या जागी कागदावर रेघ होती. प्रभाताईंच्या आवाजात फरक पडला नाही. यमुना नावाच्या बायका पुष्कळ असतात. नवं औषध आलं, गोळ्या आल्या, यमुनाबाईचं वजन वाढलं, ताप थांबला. ती रुग्णालयाच्या चादरींचा हिशेब बघू लागली. मग दहाव्या पानाच्या खालच्या भागात हे होतं:

“सासरा आला. खाटंपाशी आला न्हाई, दारातच हुबा ऱ्हायला. म्हनला, पोराचं दुसरं लगीन लावलंय. पोरीला सांगितलंय तू गेलीस म्हनून, वरीस झालं. छबू आता तिलाच आई म्हनती.”

‘छबू’पाशी प्रभाताई थांबल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. त्याला वीस सेकंद लागले असतील. तोच शब्द परत घेऊन त्या पुढे वाचू लागल्या.

“छबू आता तिलाच आई म्हनती. आता तू येऊन पोरीचं वाटुळं करू नगंस.  त्यो गेल्यावर यमुनाबाई मला म्हनली, ठकू, आज चादरी मोजायच्या ऱ्हाईल्यात.”

त्यांनी पान उलटलं. यमुनाबाई आणखी दोन वर्षं तिथेच राहिली. मग एका नर्सबरोबर ‘अमुक’ला गेली. तिथे एका दवाखान्यात तिला काम मिळालं. दर दिवाळीला तिचं पत्र यायचं, ठकूबाई ते कुणाकडून तरी वाचून घ्यायच्या, उत्तर लिहून घ्यायच्या आणि मग ते पत्र चुलीत घालायच्या, कारण तशी शपथ होती. गेल्या दिवाळीलाही आलं. हे सगळं प्रभाताईंनी वाचलं. पंधराव्या पानावर ते संपलं आणि पटकीच्या साथीचं सुरू झालं. तेही त्यांनी वाचलं. बावीस पानं बारा वाजून सहा मिनिटांनी संपली.

फॉर्मवर दोन प्रश्न छापलेले होते. सांगितलं तसंच लिहिलंय का? काही काढायचं आहे का? प्रभाताईंनी पहिला विचारला. ठकूबाई हो म्हणाल्या. त्यांनी दुसरा विचारला.

 ठकूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. “ही बया ग्वाड बोलती. तिनं चा पाजला आन माझ्या तोंडातनं निघून गेलं. यमुनाबाईचं काढा.”

“कुठून कुठपर्यंत?”

“ती आली तितनं पत्रापातूर. समदं. शपथ हाय माझ्यावर.”

प्रभाताईंनी पिशवीतून पट्टी काढली. पान नऊ उघडलं. पट्टी कागदावर ठेवली आणि तशीच धरून ठेवली. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो फॉर्मवर नव्हता.

“तिची मुलगी कधी विचारत आली तर?”

“पन्नास वर्सांत आली न्हाई,” ठकूबाई म्हणाल्या. “आता काय येतीया.”

“बरोबर आहे,” प्रभाताई म्हणाल्या.

त्यांनी एकेक ओळ पट्टीने सरळ रेघ मारून काढली. सात पानं. मी घड्याळ पाहिलं, चौदा मिनिटं लागली. ठकूबाई आत जाऊन भाकरी थापायला लागल्या होत्या. त्या बाहेर आल्या, फॉर्मवर अंगठा उठवला. खाली वाचणाऱ्याची सही होती. त्या सहीच्या वर एक वाक्य छापलेलं होतं: काढलेला मजकूर मी वापरणार नाही, कुणाला सांगणार नाही, त्याबद्दल कुणाला विचारणार नाही. प्रभाताईंनी सही केली आणि तारीख घातली.

ठकूबाईंनी आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. पिठलं होतं. प्रभाताई दीड भाकरी जेवल्या. निघताना ठकूबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावायला हात पुढे केला, मग कपाळाकडे पाहून विचारलं, लगीन केलं न्हाईस का गं. प्रभाताई म्हणाल्या, राहून गेलं. ठकूबाई म्हणाल्या, बेस केलंस, आणि कुंकू लावलं.

 परतताना फाट्यावर त्यांनी पाण्याची बाटली मागितली. पाणी प्यायल्यावर त्या म्हणाल्या, “तू म्हणालीस ते हेच.”

“हो.”

“मी कोण ते सांगितलं असतं, तर त्या बाईला काढा म्हणता आलं नसतं.”

मी गिअर बदलला.  नगर येईपर्यंत त्या झोपल्या होत्या किंवा डोळे मिटून बसल्या होत्या.

टेप मी शनिवारी पुसली. त्याचीही पद्धत होती. काढलेला भाग टेपरेकॉर्डरच्या काउंटरवरच्या आकड्यावरून शोधायचा, माइक काढून ठेवायचा आणि त्या भागावर कोरं रेकॉर्डिंग करायचं. जितकी मिनिटं बोलणं असेल तितकीच मिनिटं पुसायला लागतात. यमुनाबाईची एकोणीस मिनिटं होती. पुसून झाल्यावर मागे जाऊन तेवढा भाग पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, कुठे शब्द राहिला नाही ना हे पाहायला. तोही नियम माझाच.

मी माइकची पिन काढत होते तेव्हा प्रभाताई खोलीत आल्या. टेप पुसायला त्या कधी आल्या नव्हत्या.

“बसू का?”

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या. मी बटणं दाबली.

पुसताना काही ऐकू येत नाही. चक्रं फिरताना दिसतात. खिडकीबाहेर वसतिगृहाच्या मुली गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या आणि कुणाचा तरी दुपट्टा कुणी न विचारता घेतला यावरून वाद चालला होता. प्रभाताई माझ्याकडे पाहत होत्या. मी काउंटरकडे पाहत होते. टेपवर ठकूबाईंनी गावाचं नाव एकदाच घेतलं होतं. ते ३४७ वर होतं, मी टाइप करताना लिहून ठेवलं होतं. आकडा ३४७ वर आला आणि ३४८ झाला.

एकोणीस मिनिटं झाल्यावर मी टेप थांबवली.

“झालं?”

“आता ऐकायचं,” मी म्हटलं. “तुम्ही नाही थांबलात तरी चालेल.”

“थांबते.”

मी टेप मागे घेतली. कोऱ्या टेपचा एक आवाज असतो, पत्र्यावर बारीक वाळू घसरावी तसा. तो आम्ही एकोणीस मिनिटं ऐकला. त्यातही ३४७ आला. प्रभाताईंचे दोन्ही हात मांडीवर होते. एकदा त्यांनी तोंड उघडलं, पण खोकल्या फक्त. मी वहीत लिहिलं: शब्द शिल्लक नाही.

त्या उठल्या. दारात थांबल्या. मला वाटलं पुसल्याच्या नोंदीवर सही करायची म्हणून थांबल्या, म्हणून मी वही पुढे केली. त्यांनी सही केली.

त्यानंतर साडेपाच वर्षं आम्ही त्याच खोल्यांत काम केलं. ठकूबाई पुढच्या संक्रांतीनंतर गेल्या. इक्बालभाईंनी बातमी आणली, प्रभाताईंनी संग्रहाच्या नोंदीत तारीख लिहिली. खडकमाळचं पुस्तक २००५ साली आलं, त्यात ठकूबाईंची पंधरा पानं होती. प्रस्तावनेत प्रभाताईंनी आईचा उल्लेख एका वाक्यात केला: माझी आई या रुग्णालयात होती. मुद्रितं मी तपासली. ‘इथेच वारली’ असं त्यांनी लिहिलं नव्हतं. मी ते वाक्य तसंच ठेवलं आणि काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी धरून चालले होते. त्यांनी विचारलं नाही, याचा अर्थ त्यांना ते जाणून घ्यायचं नाही असा मी घेतला.

३१ मार्च २००९ ला त्या निवृत्त झाल्या. उपासेंनी भेळ आणली होती. इक्बालभाईंनी भाषण केलं, त्यात ते म्हणाले की ताईंनी राज्यातल्या दहा हजार माणसांना व्याख्यानात झोपवलं पण एकाला खोटं सांगितलं नाही. सगळे गेल्यावर प्रभाताई मला कपाटांच्या किल्ल्या देत होत्या. एकेका किल्लीला त्यांनी दोऱ्याने कागदाचा तुकडा बांधला होता. शेवटची टेपांच्या कपाटाची होती. ती त्यांनी हातातच ठेवली.

“टेप पुसलीस तेव्हा मी येऊन बसले होते.”

“हो.”

“कशाला बसले होते असं वाटलं तुला?”

मी म्हटलं, “पुसली जातेय ना हे बघायला.”

“अडतीस मिनिटं?”

मी टेपांच्या कपाटाकडे पाहिलं.

“मला वाटलं तू सांगशील,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मला विचारता येत नव्हतं. मी सही केली होती.”

“नियम सगळ्यांनाच होता, ताई.”

“फॉर्म आण,” त्या म्हणाल्या.

मी कोरा फॉर्म आणला. तो मी सात वर्षांपूर्वी लिहिला होता आणि तीनशेहून जास्त वेळा भरून घेतला होता. त्यांनी तो टेबलावर माझ्या बाजूला फिरवला. खाली दोन जागा होत्या. सांगणाऱ्याची सही किंवा अंगठा. वाचणाऱ्याची सही. तिसरी जागा नव्हती. रेकॉर्डिंग करणाऱ्याची सही मी ठेवलीच नव्हती. लिहिताना सगळं लक्ष वाचणारा पक्षपाती होऊ नये याकडे होतं. जिने आधीच सगळं ऐकलं आहे ती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

“हे मला त्या ओसरीवरच दिसलं,” प्रभाताई म्हणाल्या. “सही करताना. अंगठा झाला, माझी झाली, तुझी कुठेच नाही. जीपमध्ये वाटलं, आता बोलेल. मग वाटलं, गाडी चालवतेय. शनिवारी वाटलं, पुसायच्या आधी बोलेल. मग वाटलं, पुसून झाल्यावर बोलेल, कारण तुझी कामाची रीत तशी आहे.”

“माझ्या लक्षात आलं नाही.”

“ते मला नंतर कळलं. दोन-तीन वर्षांनी. तोवर मला वाटत होतं, तू ठरवून सांगत नाहीयेस.”

मुलींच्या वसतिगृहात पाच वाजताची घंटा झाली. मी म्हटलं, “गदग.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“गदग. टेपवर ठकूबाई गदग म्हणाल्या होत्या. स्टेशनजवळचा दवाखाना. नर्सचं नाव सुवार्ता. आडनाव तिने माहेरचं लावलं होतं, दीक्षित.”

“गदग,” प्रभाताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, “सोलापूरहून गाडी आहे. इक्बाल प्रदर्शन घेऊन गेला होता तिकडे, विजापूरपर्यंत.” त्यांनी टेपांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि पिशवी उचलली. मी बरोबर येऊ का असं विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली.

दहा-बारा दिवसांनी त्या कार्यालयात आल्या. मी एका प्रदर्शनाच्या फलकांचा मजकूर तपासत होते. त्या आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या नाहीत, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. दवाखाना अजून आहे, त्यांनी सांगितलं. चादरी-कपड्यांची खोली तिने एकवीस वर्षं सांभाळली. कानडी चांगलं बोलायला लागली होती. शेवटची काही वर्षं ती दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायची, शेजारच्या बाईने खोल्या उघडून दाखवल्या, आता तिथे दुसरं बिऱ्हाड आहे. खडकमाळहून पत्राचं उत्तर येईनासं झाल्यावर तिने एक-दोनदा पोस्टात जाऊन चौकशी केली होती. हे सगळं त्या बातमी सांगावी तसं सांगत होत्या.

“कधी गेल्या?” मी विचारलं.

“डिसेंबर. सात डिसेंबर, २००६.”

मी फलकाच्या मजकुराकडे पाहिलं. टेप २००३ च्या सप्टेंबरमध्ये, वीस तारखेला पुसली होती. मला वेगळं काही करावं लागलं नाही. वर्षं, मग महिने, मग लीप वर्षाचा एक दिवस धरून दिवस, असा आकडा आपोआप तयार झाला. माझे ओठ हलले असणार.

“काढलास ना हिशेब?” प्रभाताई म्हणाल्या.

“हो.”

“किती ते मला सांगू नकोस.”

मी सांगितलं नाही.